राक्षे की सिकंदर? दोन ‘केसरीं’च्या कामगिरीचा ताळेबंद

ताडकळस (जि. परभणी) : शिवराज राक्षे सरस की सिकंदर शेख, हा वाद कुस्तीच्या फडाभोवती २०२३ च्या दिवाळीपासून रंगतो आहे. पूर्णा तालुक्याला नांदेड जिल्ह्याची हद्द लागून आहे आणि राक्षे नांदेडच्या नावाने लढत आला. त्यामुळे या पट्ट्यातील शौकिनांचे माप त्याच्या बाजूने थोडे झुकले, तर नवल नाही. तथापि, आपुलकी बाजूला ठेवून दोघांची मागील कामगिरी तपासली, तर चित्र बरेच गुंतागुंतीचे दिसते.

जड वजनाच्या मुष्टियोद्ध्यांची तुलना त्या मानाने सोपी असते. महंमद अली आणि जो फ्रेझर १९७१, १९७४ आणि १९७५ असे तीनदा समोरासमोर आले. तिन्ही लढती मिळून ४१ फेऱ्या झाल्या. कोण कधी दमला, कोणाचा डावा ठोसा कधी लागला, याचा हिशेब फेरीनिहाय उपलब्ध आहे. मराठी मल्लांच्या बाबतीत ही सोय नाही. यात्रेतल्या निकाली कुस्त्या गुलालासोबत हवेत विरून जातात आणि उरतात त्या मोजक्या नोंदवलेल्या लढती. राक्षे आणि सिकंदर यांच्यातील सर्वांत गाजलेली लढत तर अर्ध्या मिनिटातच संपली.

सुरुवात जानेवारी २०२३ पासून करावी लागेल. पुण्यात कोथरूडला झालेल्या ६५ व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत राक्षेने गादी विभागात हर्षवर्धन सदगीरला नमवले. सदगीर हा २०२० चा महाराष्ट्र केसरी, शिवाय राक्षेचाच तालीमबंधू. दोघेही कात्रजच्या संकुलात अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या हाताखाली घडलेले. एकमेकांचे डाव पाठ असलेल्या मल्लाला हरवणे हे अनोळखी मल्लाला हरवण्यापेक्षा कठीण असते. १४ जानेवारीच्या अंतिम लढतीत राक्षेने सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला मिनिटभराच्या आत चितपट केले.

त्याच दिवशी माती विभागात सिकंदर गायकवाडकडून पराभूत झाला होता. बाहेरच्या टांगेवर पंचांनी गायकवाडला दिलेले चार गुण योग्य होते का, यावर पुढे कित्येक दिवस चर्वितचर्वण झाले. येथे एक मोह टाळायला हवा. राक्षेने गायकवाडला हरवले, गायकवाडने सिकंदरला, म्हणून राक्षे सिकंदरपेक्षा श्रेष्ठ, हे गणित शाळेच्या फळ्यावर सुटते. आखाड्यात सुटत नाही. ते खोटे ठरायला दहा महिनेही लागले नाहीत.

१० नोव्हेंबर २०२३, ऐन धनत्रयोदशी. पुणे जिल्ह्यातील फुलगावला ६६ व्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गादीचा विजेता राक्षे आणि मातीचा विजेता सिकंदर समोरासमोर उभे ठाकले. सलामी झडली, झटापट झाली आणि बघता बघता सिकंदरने झोळी बांधली. एका हाताने मान, दुसऱ्याने पाय कवेत घेऊन प्रतिस्पर्ध्याची घडी करायची आणि त्याला पाठीवर लोळवायचे, असा हा डाव. एकदा हातांची कडी जुळली की बलदंड मल्लालाही सुटका कठीण. गतविजेत्याचे खांदे टेकले तेव्हा अनेकांनी अजून बैठकही सावरली नसेल.

एवढ्यावरून सिकंदरच्या बाजूने निकाल द्यावा, तर दहाच दिवसांनी धाराशिवचा आखाडा आडवा येतो. राज्यातील कुस्ती संघटनेतील दुहीमुळे त्या वर्षी दुसऱ्या गटानेही आपली महाराष्ट्र केसरी भरवली. तेथे २० नोव्हेंबरला राक्षेने पुन्हा सदगीरलाच ६-० असे हरवले. अर्ध्या मिनिटात चितपट झालेला मल्ल दहा दिवसांत उभा राहतो आणि कसलेल्या माजी विजेत्याला एकही गुण घेऊ देत नाही, ही बाब फुलगावच्या पराभवाइतकीच बोलकी आहे.

म्हणजे राक्षेची ताकद सातत्यात, तर सिकंदरची एका क्षणात. राक्षे गादीच्या शिस्तीत वाढला. आघाडी घ्यायची आणि ती राखायची, हे त्याच्या कुस्तीचे सूत्र आहे. मोहोळचा सिकंदर हा हमालाचा मुलगा, घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. घड्याळाकडे न पाहता चितपटीसाठी झुंजायचे, ही मातीची वृत्ती त्याच्या अंगात मुरलेली. ८६ ते १२५ किलोच्या या गटात चितपटीचा एक डाव सारे गुण पुसून टाकतो. म्हणून लढत सहा मिनिटे चालली तर पारडे राक्षेचे जड. पहिल्या मिनिटात हातघाई झाली तर सिकंदरचे. फुलगावला राक्षे नेमका दुसऱ्या प्रकारात सापडला.

राक्षेच्या खात्यात एक काळी नोंदही आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पंचांनी त्याला चितपट ठरवले. खांदे टेकलेच नव्हते, हा त्याचा दावा चित्रफितीवर तपासून पाहता आला असता. परंतु त्याने पंचांना लाथ मारली आणि दाद मागण्याचा नैतिक अधिकार स्वतःच गमावला. तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई त्याच्यावर झाली; अंतिम लढत अर्धवट सोडणाऱ्या गायकवाडवरही झाली. कामगिरी मोजताना मनगटाबरोबर डोक्याचाही हिशेब घ्यावा लागतो तो असा.

मात्र परभणीकरांनी या ताळेबंदातील आणखी एक रकाना पाहायला हवा. राक्षे नांदेडचा आणि सिकंदर वाशिमचा म्हणून लढला, हे कागदावर खरे. प्रत्यक्षात राक्षे पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरचा, सिकंदर सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचा. मोठ्या जिल्ह्यांच्या निवड चाचणीतील गर्दी टाळण्यासाठी अन्य जिल्ह्याच्या चमूत जाणे कुस्तीत नवे नाही, नियमबाह्यही नाही. पण त्या जिल्ह्यात घाम गाळणाऱ्या स्थानिक मल्लाची जागा त्यातून जाते, याची चर्चा फारशी होत नाही. विजयाचा गुलाल नांदेडच्या नावावर पडतो. खुराक, गादी आणि वस्ताद मात्र कात्रजलाच राहतात.

मराठवाड्याच्या मातीत कस नाही, असेही नाही. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि पुढे सत्पालला लोळवणारे हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडचे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारा राहुल आवारे बीडचा. २०२० च्या अंतिम फेरीत सदगीरला ३-२ अशी झुंज देणारा शैलेश शेळके लातूरचा. खुद्द काका पवारही लातूरचेच. यांतील प्रत्येकाला गाव सोडून कोल्हापूर किंवा पुण्याची वाट धरावी लागली. पूर्णा तालुक्यातील एखाद्या पोराला आज राक्षेसारखी गादीची कुस्ती शिकायची झाली, तर त्याच्यापुढेही तीच वाट आहे आणि तेथील महिन्याच्या खुराकाचा खर्च सोयाबीनच्या भावावर ठरणार आहे.