अनुभवाचे चार श्रेयांक

महाराष्ट्रातील विद्यापीठांमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना लागू झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून केलेल्या या रचनेत पहिल्याच वर्षी प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्पासाठी चार श्रेयांक राखून ठेवण्यात आले आहेत. तासांच्या हिशेबात ते सुमारे १२० भरतात. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या तरतुदीचे मोल विशेष आहे. नदी, कचरा, भूजल, हवा यांविषयीची धोरणे वर्गात वाचता येतात. पण ती राबविताना नेमकी कोठे अडतात, हे कार्यालयात आणि गावात गेल्यावरच उमगते. प्रश्न एवढाच, की या १२० तासांत विद्यार्थ्याला काम मिळणार, की केवळ प्रमाणपत्र?

ही शंका अनाठायी नाही. पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये दिला. पदवी स्तरावर त्याची अंमलबजावणी होईपर्यंत एक तप उलटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी आखलेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते. जवळची नदी, टेकडी वा प्रदूषित जागा पाहावी आणि नोंदी कराव्यात, ही अपेक्षा उत्तमच होती. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत गतवर्षीच्या वह्या उतरवून काढण्याचा तो एक वार्षिक विधी होऊन बसला. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही. ज्या नोंदी कोणीही वाचणार नाही, त्या अचूक असाव्यात, असे कोणाला वाटावे?

याउलट, नोंद वाचणारा कोणी असला की काय घडते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. आयआयटीमधील ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे काम करीत आहे. तेथे २००७ मध्ये ‘टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट’ हा एम.टेक. अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातील विद्यार्थी काही आठवडे गावात मुक्काम करतात. रायगड, ठाणे, पालघर पट्ट्यातील पिण्याच्या पाण्याचे प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासले. भरपूर पावसाच्या या प्रदेशात उन्हाळ्यात टँकर का लागतो, याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. योजनेची विहीर कोणत्या महिन्यात आटते, पंपाचे वीजबिल कोणी भरायचे, जलवाहिनीच्या शेवटच्या टोकावरील पाड्यापर्यंत पाण्याचा दाब पोहोचतो की नाही, हे तेथे जाऊनच मोजावे लागते. या अनुभवातून पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ हाती घेतले. जिल्ह्यातील विकासाचे प्रश्न जिल्ह्यातीलच महाविद्यालयांनी अभ्यासावेत आणि शासकीय यंत्रणेने त्या अभ्यासाचा उपयोग करावा, ही त्यामागील कल्पना.

शहरातील महाविद्यालयांना तर फार दूर जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. हे काम बहुधा सल्लागार संस्थेकडे सोपविले जाते. पदव्युत्तर वर्गाचे दुसरे सत्र आणि या अहवालाच्या तयारीचा काळ जवळपास एकच. नाल्यांतील पाण्याचे नमुने, प्रभागनिहाय कचरा, वृक्षतोडीच्या परवानग्या यांची छाननी विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी केली, तर त्यांना धोरणाचे शिक्षण मिळेल आणि शहराला ताजी आकडेवारी. गावपातळीवर लोक जैवविविधता नोंदवहीचे कामही असेच आहे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. पण नोंदवह्या तयार करण्याची खरी धावपळ उडाली, ती राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर. घाईने भरलेल्या अशा नोंदी तपासणे आणि अद्ययावत ठेवणे, हे वर्षानुवर्षे चालणारे काम आहे. त्यासाठी वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी जितका उपयोगी, तितकीच गावातील जाणती माणसे त्याच्या शिक्षणाला उपयोगी.

अर्थात, विद्यार्थ्यांना कार्यालयांत नुसते धाडून दिल्याने हे साधणार नाही. कार्यालयात कुशल मनुष्यबळ अपुरे असले, की विनावेतन विद्यार्थी म्हणजे माहिती भरणारा फुकटचा कारकून ठरण्याचा धोका असतो. त्याहून गंभीर प्रश्न निर्भीडपणाचा. ज्या यंत्रणेच्या त्रुटी विद्यार्थ्याला दिसणार, तिच्याच अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर त्याचे गुण अवलंबून असतील, तर मैलापाणी प्रक्रिया केंद्र बंद आढळल्याचे तो कशाला लिहील? म्हणून मूल्यमापनाचा अधिकार विद्यापीठाने स्वतःकडेच ठेवावयास हवा. प्रवासखर्च आणि विद्यावेतनाची सोयही आवश्यक आहे. अन्यथा ज्याच्या घरची परिस्थिती बरी, त्यालाच दूरच्या गावी जाणे परवडेल आणि बाकीचे शेजारच्या संस्थेचा शिक्का आणून मोकळे होतील.

या सर्वांहून महत्त्वाची अट म्हणजे उत्तराची. विद्यार्थ्यांचा अहवाल मराठीतून जाहीर व्हावा. तो ग्रामसभेपुढे किंवा महापालिकेच्या सभेपुढे ठेवला जावा आणि संबंधित विभागाने ठराविक मुदतीत त्यावर लेखी म्हणणे द्यावे. शिफारशी स्वीकारल्याच पाहिजेत असे नाही. मात्र त्या का नाकारल्या, हे सांगावे लागले, तरी कारभारावर प्रकाश पडेल. आपण मोजलेल्या विहिरीच्या पातळीवरून ग्रामसभेत दोन प्रश्न विचारले जाणार आहेत, हे ज्या विद्यार्थ्याला ठाऊक असेल, तो ती पातळी अंदाजाने लिहिणार नाही. ही जबाबदारी त्याच्या अंगवळणी पडली, तरच ते चार श्रेयांक सार्थकी लागतील.