मोजलेले घाव

कसबा पेठेतील आमच्या वाड्याच्या फरसबंद चौकात आम्ही मुले रबरी चेंडूचे टप्पे मोजत असू. जवळच्या तांबट आळीतून हातोड्यांचा ठेका ऐकू येई. त्यावर टप्पे जुळवणे हा आमचा आवडता खेळ.

एकदा माझा चेंडू उसळत आळीत शिरला आणि ओट्यावरची नवी कळशी खाली आदळली. तिला पोचा पडला. वृद्ध कारागिरांनी चेंडू निमूटपणे परत दिला व हातोडी उचलली. तांब्यावर सारख्या जोराने, सारख्या अंतरावर ठोके घालण्याच्या या कामाला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा कणखर होतो आणि भांड्याला ठिपक्याठिपक्यांची झळाळी येते. बेसावध आघाताने पोचा पडला होता; मोजलेल्या घावांनी तिथेच नक्षी उमटली. लय म्हणजे संयम, हे मला त्या दिवशी दिसले. उमगले मात्र फार उशिरा.

मी चेंडू घेऊन पळालो होतो. क्षमा मागायची राहिली. आता ते कारागीर हयात नाहीत. दर संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना ती कळशी आठवते. वाचकहो, आपली अशी एखादी कळशी असेल, तर यंदाच्या पर्युषणात त्या घरी समक्ष जाऊन यावे.