काळी-पांढरीचं गणित

इन्क्रिमेंट खात्यात जमा झालंय आणि कॉलेजात गुंडाळून ठेवलेलं म्युझिकचं खूळ पुन्हा डोकं वर काढतंय? सही! लॅपटॉप आहे, हेडफोन्स आहेत, आता एक मिडी कीबोर्ड घेतला की झालं. पण शोधायला बसलात की २५ पट्ट्या, ४९, ६१, ८८... साड्यांच्या दुकानात होतं तसं होतं. मग आपण म्हणतो, 'घ्यायचाच तर मोठा घेऊ!' थांबा बॉस!

पहिली गोष्ट, कंट्रोलर स्वतः वाजत नाही. मिडी ही १९८३ साली आलेली भाषा, वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ठरवलेली. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप कीबोर्ड लॅपटॉपला धाडतो. त्याची सतार करायची की पियानो, हे सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणजे कीबोर्ड महाग म्हणून साउंड भारी, असं काही नसतं. पैसे मोजायचे ते बोटांच्या सुखासाठी.

आता घरातली मेजरिंग टेप काढा. पूर्ण मापाच्या पट्ट्यांचं एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरतं. ६१ पट्ट्या म्हणजे नुसत्या पट्ट्याच ८५ सेंटिमीटर, ८८ म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर! पीजीच्या खोलीत एवढं टेबल कुणाकडे असतं? मग कीबोर्ड जातो कपाटावर, आणि कपाटावर गेलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईलाच खाली येते. रात्री नऊला ऑफिसमधून आल्यावर वाजवायचा मूड असतो जेमतेम पंधरा मिनिटांचा. त्यातली दहा कव्हर काढण्यात आणि केबल शोधण्यात गेली, तर उरलं काय? म्हणून नियम एकच, जो लॅपटॉपशेजारी कायम जोडलेला राहील, तोच आपला.

त्या जागेत काय बसवायचं, हे तुम्ही काय वाजवणार त्यावर. बीट्स बनवायचेत? अकायच्या एमपीके मिनीसारखा छोटा घ्या. २५ बारीक पट्ट्या आणि बोटांनी ठोके द्यायला आठ पॅड्स. एका हाताने कॉर्ड्स आणि दुसऱ्याने धून वाजवायची असेल, तर ४९ पूर्ण मापाच्या पट्ट्या हव्यात. रीतसर पियानो शिकताय? मग मात्र ८८ हॅमर अ‍ॅक्शनला पर्याय नाही. आधी तसं टेबल घ्या!

आणि लहानपणी पेटीच्या क्लासला गेलेल्यांनो, तुमच्यासाठी ४९ म्हणजे चंगळ. पेटी असते साधारण सव्वातीन-साडेतीन सप्तकांची, इथे पूर्ण चार मिळतात. शिवाय पेटीला न जमणारी मींडही जमते. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे मींड निघत नाही ही एक तक्रार होती. कंट्रोलरवर ते काम पिच बेंडचं. सॉफ्टवेअरमध्ये त्याची रेंज बहुधा दोन स्वरांतरांची असते, म्हणजे 'सा'वरून थेट शुद्ध 'रे'. शुद्ध 'ग' गाठायचा तर ती चारवर न्या. फक्त घेताना बघा, पिच बेंडला चाक आहे, जॉयस्टिक आहे की टच स्ट्रिप. हळुवार मींडेसाठी माझं मत चाकाला.

शक्यतो न वाजवता विकत घेऊ नका. मुंबईकरांनी धोबीतलावला चक्कर मारावी. एकच पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. आवाजातला फरक बोटांच्या कह्यात राहतो का बघा. कडेच्या पट्ट्या डुगडुगत नाहीत ना? सस्टेन पेडलसाठी जॅक आहे ना?

घरी आल्यावर पट्टी दाबली आणि सूर मागाहून उमटला, तर लगेच दुकानदाराला फोन लावू नका. बहुतेक वेळा गडबड लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये असते. सॉफ्टवेअरमधला बफर कमी करा, विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर टाका. फरक पडेल.

उरलेल्या पैशांत चांगले हेडफोन्स घ्या. रात्री अकराला रूममेट झोपलेला असताना वाजवायचंय ना?