बारावीला 85 टक्के, तरी हवं ते लॉ कॉलेज हुकतं, असं का?

वाटूर (ता. परतूर, जि. जालना) असो की दुसरं कोणतंही गाव, बारावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न एकच, ‘किती टक्के पडले?’ पण वकिलीला जायचं असेल, तर त्या टक्क्यांची वाट बघत बसणंच महागात पडू शकतं.

बारावीचे गुण कशासाठी लागतात?

पाच वर्षांच्या एलएलबीला खुल्या प्रवर्गासाठी बारावीत किमान 45 टक्के, ओबीसींसाठी 42 आणि एससी-एसटींसाठी 40 टक्के लागतात. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीला हीच अट पदवीच्या गुणांना आहे. या गुणांवर फक्त पात्रता ठरते.

मग जागा कशावर मिळते?

राज्यात 2016 पासून लॉसाठी सीईटी आहे आणि गुणवत्ता यादी तिच्यावरच लागते. समजा एकाला बारावीत 85 टक्के आहेत आणि दुसऱ्याला 55. सीईटीत दुसरा पुढे असेल, तर कॉलेज निवडण्याची संधी आधी त्यालाच मिळते. बारावीचे टक्के पुन्हा बघितले जातात ते सीईटीत बरोबरी झाली तर.

सगळीकडे असं नसतं. अमेरिकेत लॉ स्कूल कॉलेजमधले ग्रेड आणि ‘एलसॅट’चा स्कोअर, दोन्ही एकत्र तोलतात.

आणखी एक गल्लत टाळा. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या साधारण 90 टक्के मुलांच्या तुम्ही पुढे आहात, एवढाच त्याचा अर्थ.

सीईटी आणि क्लॅटमध्ये फरक काय?

पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे लॉ कॉलेज यांचा रस्ता सीईटीतून जातो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला क्लॅट लागते. ती फक्त इंग्रजीत असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. म्हणजे वाटूरहून सगळ्यात जवळचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मराठवाड्यातच आहे, पण मराठी माध्यमाच्या मुलांसाठी त्याचं दार जास्त अवघड आहे.

खरी अडचण तारखांची

बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात. सीईटीच्या अर्जाची मुदत सहसा त्याआधीच संपलेली असते. क्लॅट तर बोर्डाच्या परीक्षेआधी, डिसेंबरमध्येच होते. ‘आधी मार्क बघू, मग ठरवू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. शहरात क्लासवाले ही तारीख आठवणीने सांगतात. जिथे क्लास नाहीत, तिथे ती सांगणारंही सहसा कुणी नसतं.

म्हणून बारावीत शिकणाऱ्यांनी निकालापर्यंत थांबू नये. सीईटी सेलच्या वेबसाइटवर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेवावं, आणि क्लॅट द्यायची असेल तर बारावीचं वर्ष सुरू होताच.