रॉबिनचं झुडूप

क्वीन्सलंडमधल्या ग्लेनमॉर्गनजवळची मायल पार्क ही बाग वाट वाकडी करून पाहावी अशी आहे. मेंढ्यांच्या कुरणाचे मालक डेव्हिड गॉर्डन यांनी १९४१ मध्ये तिथं ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातली झाडं जमवायला घेतली. आज तिची निगा स्वयंसेवक राखतात.

बघायचं ते ग्रेव्हिलियाच्या दोन जातींपासून झालेलं एक झुडूप. एक जात क्वीन्सलंडची, दुसरी थेट पश्चिम ऑस्ट्रेलियातली. रानात दोघींची गाठ पडणं अशक्यच. इथं शेजार मिळाला आणि आपसूक संकर झाला. कोळ्याच्या पायांसारखे बाक घेतलेले लालसर फुलोरे जवळजवळ वर्षभर येतात. गॉर्डन यांनी त्याला आपल्या अकाली गेलेल्या थोरल्या मुलीचं, रॉबिनचं नाव दिलं. हात मात्र जपून लावा, काहींच्या अंगाला खाज सुटते! (आपला सिल्व्हर ओकही याच कुळातला, पूर्व ऑस्ट्रेलियातून आलेला.)

अशी झाडं निव्वळ हौसेवर टिकत नाहीत. तण उपटायला कोणाला तरी उन्हात वाकावं लागतं. आपल्याकडे रोपं लावताना फोटोसाठी झुंबड उडते. वैशाखात पाण्याची बादली कोण उचलतं, तेच आम्ही या अंकात विचारलं आहे.