सायलेन्सर कोणासाठी असतो?

मोटरसायकलचा प्रत्येक भाग कोणासाठी तरी असतो. सीट माझ्यासाठी, मागचं फूटरेस्ट बेगमसाठी, हेल्मेट आमच्या डोक्यांसाठी. सायलेन्सर मात्र चालवणाऱ्यासाठी नसतोच. रस्त्याकडेच्या घरात झोपलेलं बाळ, दवाखान्यातला पेशंट, परीक्षेचा पेपर लिहिणारं पोर यांच्यासाठी तो गाडीला लावलेला असतो. त्यामुळे तो बदलताना "माझी गाडी, माझे पैसे, माझी मर्जी" हे बोलणं मला पटत नाही. गाडी तुमची असेल, कान दुसऱ्यांचे आहेत.

हे मी वरच्या पायरीवर बसून सांगत नाही. मी स्वतः हा गुन्हा केलेला आहे.

माझ्याकडे ४११ सीसीची हिमालयन आहे. शाळेला सुट्टी लागली की कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट करत रत्नागिरीला जायचं, हा माझा शौक. काही वर्षांपूर्वी कुणीतरी डोक्यात भरवलं की कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबतो, बाहेरचा बसव, गाडी मोकळी होईल. मी साडेसहा हजारांचा स्टीलचा नळकांडा घेतला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा फक्त रेसिंगसाठी, रस्त्यावर वापरू नये. दुकानदार हसला आणि म्हणाला, "सर, ते लिहावंच लागतं." ते वाक्य लिहून बनवणारा सुटला, हसून विकणारा सुटला, अडकलो मी. आत आवाज कमी करणारी जाळीची नळी होती, ती एका बोल्टवर निघत होती. आठ दिवसांत मी ती काढली. आमच्याकडे याला पुंगळी काढणं म्हणतात. मराठीचा शिक्षक असून या शब्दाची मला तेव्हा लाज वाटली नाही.

आता गाडी "मोकळी" होण्याच्या दाव्याकडे बघू. इंजिनातून धूर एकसारखा वाहत नाही, धक्क्या-धक्क्याने बाहेर पडतो. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक धक्का. एका सिलिंडरची गाडी ४००० आरपीएमवर चालली तर सेकंदाला सुमारे ३३ धक्के. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्या कप्प्यांत आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. बाहेरच्या बहुतेक नळकांड्यांत एक सरळ भोकाभोकाची नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळलेली असते. ही लोकर उष्णतेने जळत, उडत जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर गाडी आणखी ओरडू लागते. ती पुन्हा भरून घ्यावी लागते हे विकताना कुणी सांगत नाही.

ताकद? नुसतं शेवटचं नळकांडं बदलून लांबच्या प्रवासाला लागणारी खालच्या आरपीएमची ओढ वाढत नाही. वजन दोन-तीन किलो कमी होतं, तेवढं जेवण कमी करूनही होईल. उलट कारखान्यात पेट्रोल आणि हवेचं गणित ठराविक सायलेन्सर धरून बसवलेलं असतं. ते बिघडलं की थ्रॉटल सोडल्यावर फटफट बार उडतात. पोरांना वाटतं गाडी जोशात आली. खरं तर तो बिघाडाचा आवाज असतो. आवाज मोठा झाला की वेग वाढल्याचा भास होतो, आणि या भासावरच हा सगळा धंदा उभा आहे.

प्रवासाचं म्हणाल तर आंबा घाट येईपर्यंत मजा आली. साखरपा मागे पडलं तेव्हा डोकं भणभणू लागलं. एकाच सुरातला तो घोगरा घों-घों आवाज तासन्‌तास हेल्मेटमध्ये घुमत राहतो. रत्नागिरीत उतरल्यावर बेगम म्हणाली, "परतीला मी एसटीने येते." ती खरोखर एसटीने आली. टूरिंगची गाडी म्हणजे दिवसभर दमवू नये अशी गाडी. तिला ओरडायला लावणं म्हणजे उशीत खडे भरणं.

"मोठा आवाज जीव वाचवतो," असंही सांगतात. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. धोका बहुधा पुढून येतो, नाहीतर बाजूच्या गल्लीतून. काच वर करून गाणी लावलेल्या ट्रकवाल्याला तुमची गाडी ऐकू येते ती तुम्ही पुढे निघून गेल्यावर. त्यापेक्षा चालू हेडलाइट आणि ठळक रंगाचं जॅकेट बरं.

कायदाही गुळगुळीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर हवा. आवाजाचे निकष मोडून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही हेही लक्षात घ्या. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली.

आता दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. भोंग्याचा विषय निघाला की आपण डीजेकडे बोट दाखवतो. डीजेचा निघाला की ते भोंग्याकडे दाखवतात. दोघांची पोरं मात्र एकाच दुकानातून पुंगळी काढलेला सायलेन्सर घेतात. बड्या रातीला आपल्या मोहल्ल्यातून गाड्या सुटतात तेव्हा कुणाच्या इबादतीत भर पडते? नियम सगळ्यांना सारखा लावा असं आपण सरकारला सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण आधी आपल्या दारातल्या गाडीला तो लावावा लागेल. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, यावर जुम्म्याला मान डोलवायची आणि बाहेर येऊन शेजाऱ्याच्या खिडकीखाली रेस द्यायची, हे जमणार नाही.

मिरजेत तर हे जास्तच बोचतं. हे दवाखान्यांचं गाव, १८९४ पासून मिशन हॉस्पिटल असलेलं. इथेच सतारमेकरांच्या गल्लीत आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याची जवारी लावत आली. एक सूर नीट बसावा म्हणून तासभर घोड्यावर कानस फिरवणारे हात आहेत हे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथल्या मातीत निजले आहेत. अशा गावच्या पोरांना आवाज म्हणजे फक्त मोठा आवाज, एवढंच आपण शिकवलं?

मी ते नळकांडं सहा महिन्यांत काढलं. चूक इथेच संपली नाही. ते मी गॅरेजवाल्याला दोन हजारांना विकलं. काही दिवसांनी दहावीच्या वर्गात मराठीचा तास चालू असताना खिडकीबाहेरून एक गाडी गेली आणि माझा खडू थांबला. तो आवाज मी ओळखला. रोज दुपारी तो येऊ लागला, रोज माझं वाक्य अर्ध्यात तुटू लागलं. गाडीवर माझाच एक जुना विद्यार्थी होता. त्याला थांबवून समजावलं तर खाली मान घालून तो म्हणाला, "सर, आप चलाते थे तब?" त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्याला खरंच बदलावा लागतो, म्हणजे जुना गंजून फुटला असेल किंवा पडझडीत चेपला असेल, त्याने आधी कंपनीचाच शोधावा. बाहेरचा घेतलाच तर आवाजाच्या मान्यतेचे कागद मागावेत, जाळी वेल्डिंगने पक्की असलेला घ्यावा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू देऊ नये. सामानाच्या बॅगा लावून बघाव्यात, कारण गरम नळकांडं बॅग वितळवतं. इंजिन पूर्ण थंड असताना काम करावं. सांध्याचं गॅस्केट नवीन टाकावं. सगळे बोल्ट आधी सैल ठेवून नळी सरळ बसू द्यावी, मगच आवळावे आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. बोटांचे तेलकट डाग गाडी सुरू करण्याआधी पुसावेत, नाहीतर ते स्टीलवर कायमचे भाजले जातात. शेवटी गाडी सुरू करून आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशेजारी उभं राहावं. तिथे सहन होत नसेल तर ती गल्लीतही नेऊ नये.

त्या पोराकडून मी ते नळकांडं तीन हजारांना परत घेतलं. मेस्त्रीने ग्राइंडरने त्याचे दोन तुकडे केले आणि ते भंगारात गेले. हजार रुपयांचा तोटा झाला, असं मेस्त्री म्हणाला. दहावीच्या वर्गाला विचारा.