रोबॉट घरी कोण आणणार?

शनिवारी सकाळी चहा घेत होतो तेवढ्यात भाच्याचा फोन. कॉलेजची टीम दिल्लीला एका रोबोटिक्स स्पर्धेला गेली होती, दुसऱ्याच फेरीत बाहेर पडली. मी मामा लोकांचं ठरलेलं सांत्वन सुरू करणार, तर पठ्ठ्या म्हणतो, "हरल्याचं काही नाही मामा, पण रोबॉट तिथेच टाकून आलो. मोटर्स, बोर्ड, सिलिंडर काढून सॅकमध्ये भरले. सांगाडा हॉलच्या मागे ठेवला. भंगारवाला नेईल."

आठ महिने रात्री जागून बनवलेलं मशीन! का टाकलं? तर सरांनी फोनवर विचारलं म्हणे, "जिंकलात का? नाही ना? मग भंगार परत आणायला पैसे कशाला?"

मला या वाक्याशी भांडायचंय. कारण ते एकट्या त्या सरांचं नाही. मी कॉलेजात होतो तेव्हा आम्हीही तेच ऐकलं होतं आणि मुकाट्याने अ‍ॅल्युमिनियमचे चॅनल किलोवर विकून परतीच्या बसचं तिकीट काढलं होतं. पुढच्या वर्षी ज्युनिअर्सनी विचारलं, "दादा, चाकं कशी बसवली होती?" आमच्याकडे दाखवायला दोन धुरकट फोटो! त्यांनी आम्ही केलेल्या सगळ्या चुका पहिल्यापासून, मन लावून, परत केल्या.

आता यावर एक हुकमी उत्तर येतं. विषय तर दरवर्षी बदलतो, जुना रोबॉट काय पुजायचाय? रोबोकॉनचंच घ्या. २००२ साली टोकियोत सुरू झालेली ही आशियाई स्पर्धा. यजमान देश विषय ठरवतो. २००८ ला पुण्यात झाली तेव्हा दहीहंडी होती, २०२२ ला दिल्लीत लगोरी. बरोबर आहे, दहीहंडीचा रोबॉट लगोरी खेळणार नाही. पण चालणारा बेस, चाकांची मांडणी, हवेवर चालणारी पकड, वायरिंग, हे दरवर्षी लागतंच. आणि कुठला वेल्ड तुटला, कुठला गिअर घासला, हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, ते मशीन हातात घेऊनच कळतं. हरलेला रोबॉट तर जास्त शिकवतो.

दुसरी सबब खर्चाची. ती खरी आहे, म्हणूनच आधी विचार हवा. २०२२ च्या रोबोकॉनच्या नियमात सगळे रोबॉट मिळून ५० किलोची मर्यादा होती. त्यावर हत्यारं, सुटे भाग, पंप. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट, पण पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर. मीटरभर लांबरुंद सांगाडा त्यात बसणार कसा? मग तो पार्सलच्या डब्यात, वेगळं बुकिंग करून. खासगी ट्रकवाला विचारतो, "बिल कुठाय?" मोटरचं बिल आहे हो, पोरांनी स्वतः बनवलेल्या रोबॉटचं बिल कोण फाडणार? कॉलेजच्या लेटरहेडवर "विक्रीसाठी नाही" असं लिहिलेलं चलन आधीच दिलं असतं तर निदान बोलायला तोंड राहिलं असतं.

विमानाने जायचं तर बॅटरी आडवी येते. सहा सेलची, १०,००० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी म्हणजे २२.२ गुणिले १०, २२२ वॅट-अवर. सुटी बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही. केबिनमध्ये १०० पर्यंत चालते, १६० पर्यंत कंपनीची परवानगी घेऊन, त्यापुढे प्रवाशाच्या सामानात नाहीच. ५,००० एमएएचची घेतली तर १११, म्हणजे निदान विचारता तरी येतं. हा हिशोब बॅटरी विकत घेताना करायचा असतो, विमानतळावर नाही!

आमच्या धंद्यात साधा नियम आहे. मागे कसं फिरायचं हे ठरल्याशिवाय रिलीज करायचं नाही. रोबॉटलाही तोच लावा. परतीचं भाडं बजेटमधली पहिली ओळ असू द्या, जाण्याच्या भाड्याच्याही आधी. सांगाडा असा बनवा की बोल्ट काढले की पेटीच्या मापाचे तुकडे होतील. पेटी कुठल्या क्रमाने भरायची त्याचा कागद झाकणाला आतून चिकटवा, कारण परत भरताना पोरं तीन रात्रींची जागी असतात. निघताना हवेच्या टाक्या रिकाम्या करा, बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या ठेवा. आणि आयोजकांनो, बक्षीस समारंभ संपला की तासाभरात हॉल रिकामा करायला लावू नका. पॅकिंगला एक सकाळ द्या, दारात एक टेम्पो उभा करा.

हे सगळं मिळून फार पैशाचं काम नाही. पण कॉलेजच्या गेटवर विजेत्यांच्या फ्लेक्ससाठी पैसे निघतात, परतीच्या टेम्पोसाठी निघत नाहीत. यातून पोरं काय शिकतात? की न जिंकलेलं काम म्हणजे कचरा. उद्या हीच पोरं आमच्या ऑफिसात येतात आणि फसलेल्या प्रोजेक्टचा कोड डिलीट करून टाकतात. मग आम्हीच डोक्याला हात लावतो.

असो. भाच्याला विचारलं, "सांगाडा अजून तिथेच असेल का रे?" म्हणाला, "एक मित्र दिल्लीतच थांबलाय, बघायला सांगतो." भाडं मी देतो म्हटलंय. भंगारवाल्याच्या आधी पोचला म्हणजे मिळवली.